काळी, पांढरी आणि म्हैसूरची तांबडी

माझं माहेर मंगळवेढ्याच्या शिवारातलं. मालदांडी ज्वारीची काळी रानं, चैत्रात हात कोपरापर्यंत आत जाईल अशा भेगा, आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर चपलेला धरून बसणारा चिखल. त्या रानात घर बांधायचं कोणाच्या मनातही यायचं नाही. पेर काळीत, घर पांढरीत. गावठाणाला पांढरी म्हणायचं आणि शेताला काळी, हे आमच्या बोलण्यात इतकं मुरलेलं होतं की त्यामागे मातीची पारख आहे याचा मी कधी विचारच केला नव्हता. पांढरी फुगत नाही, भेगाळत नाही. तिच्याच भिंती उभ्या राहतात, आणि तीच माळवदावर पसरली की पाऊस आत येत नाही. काळी पावसाचं पाणी महिनोनमहिने पोटात धरते म्हणून तिच्यावर रब्बी निघते. पाणी धरताना ती फुगते आणि सोडताना आकसते म्हणूनच तिच्यावर भिंत टिकत नाही. ज्या गुणामुळे पीक येतं त्याच गुणामुळे घर तडकतं. जुन्या लोकांनी या दोन गोष्टींसाठी दोन जागा ठेवल्या आणि गावाचा नकाशा त्यावर आखला.

शहरात ही सोय नाही. म्हैसूरमध्ये साईट म्हणजे बहुतेक वेळा तीस बाय चाळीस, बाराशे चौरस फूट. त्यातच पाया, त्यातच पाण्याची टाकी, शोषखड्डा, बोअर, आणि मागच्या दारी जाई, कढीपत्ता, केळ. तेवढ्याच तुकड्याने काळीही व्हायचं आणि पांढरीही. हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते या एका अडचणीमुळे.

ही अडचण मला वाचून कळली नाही. १६ वर्षांपूर्वी आम्ही शहराच्या पश्चिम कडेला साईट घेतली. कागद नीट पाहिले, रस्त्याची रुंदी मोजली, कावेरीच्या पाण्याची जोडणी कधी येणार ते विचारलं. यजमानांनी दिशा पाहिल्या. मी वाकून मूठभर माती उचलली. तांबडी, भरड, बोटांना न चिकटणारी. मंगळवेढ्याची मुलगी ती माती पाहून निश्चिंत झाली. ‘ही तर पांढरीच समजा,’ असं मी म्हणाले, आणि तेवढ्यावर आमची मातीची चौकशी संपली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ईशान्येकडच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून जोत्याकडे पायऱ्यापायऱ्यांची भेग उतरली. पुढच्या वर्षी ती रुंदावली, फरशी एका बाजूला कलली. शेवटी जोत्यालगत दोन ठिकाणी खणून पाहिलं. नैर्ऋत्येला दोन फुटांवरच अखंड खडक. ईशान्येला आठ फूट गेलं तरी भुसभुशीत माती, तिच्यात विटांचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, कोळसा. कोणीतरी कधीकाळी तिथून दगड काढला होता आणि खड्डा हाताला लागेल त्याने बुजवला होता. आमच्या घराचा एक पाय दगडावर होता आणि दुसरा उकिरड्यावर. ज्यांनी पाया आखला त्यांनी खणताना हे पाहिलं असणार. आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

माती तांबडी होती, चांगली होती, फुगणारी नव्हती. माझी पारख खोटी नव्हती, ती दुसऱ्या मुलखाची होती.

हा फरक समजायला खडकापर्यंत जावं लागतं. आपला महाराष्ट्र बहुतांशी ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर, सपाट, शेकडो कोस सारखा. त्यामुळे देशावर एका ठिकाणी खणलं की शेजारच्या वावरात काय लागेल याचा अंदाज बांधता येतो: आधी काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग कातळ. बेळगावच्या आसपास हा लाव्हा संपतो. दक्षिणेला जाताना हुबळीची काळी रानं मागे पडतात आणि तुमकूरपर्यंत येईतो खिडकीबाहेरची जमीन तांबडी झालेली असते. म्हैसूरखालचा खडक नाइस जातीचा, तीनशे कोटी वर्षांच्या घरातला, पट्ट्यापट्ट्यांचा, वितळून आणि दाबला जाऊन पुन्हा घट्ट झालेला. त्याला ‘पेनिन्शुलर नाइस’ हे नाव मिळालं तेच म्हैसूर संस्थानात. १८९४ मध्ये इथे भूगर्भ खातं निघालं आणि त्याचे एक प्रमुख, डब्ल्यू. एफ. स्मीथ, यांनी ते रूढ केलं. चामुंडी टेकडीचा ग्रॅनाइट त्या मानाने अलीकडचा, सुमारे ८० कोटी वर्षांचा.

नाइस आणि ग्रॅनाइट कुजतात ते सारखे नाही. पाणी सांध्यांतून शिरतं, सांध्यालगतचा दगड मऊ होऊन मुरूम होतो, मुरमाची माती होते, आणि दोन सांध्यांच्या मधला गाभा गोल धोंड्यासारखा तसाच राहतो. चामुंडीच्या उतारावर एकमेकांवर रचल्यासारखे जे धोंडे दिसतात ते हे गाभे, भोवतालची माती वाहून गेल्यामुळे उघडे पडलेले. पायऱ्यांच्या वाटेवरचा नंदी दोड्ड देवराज वडेयर यांच्या काळात, १६५९ मध्ये, अशाच एका धोंड्यातून जागच्या जागी कोरला. सुमारे पंधरा फूट उंच, आणि त्याला पाया घालावा लागला नाही. शहरात मात्र हे धोंडे अजून मातीखाली आहेत. एका साईटच्या एका कोपऱ्यात खडक दोन फुटांवर आणि दुसऱ्या कोपऱ्यात पंधरा फुटांवर असणं इथे अपवाद नाही. खणताना पहार खणखणली की ‘कल्लु बंतु’, दगड लागला, म्हणून सगळे खूश होतात. तो खालचा अखंड खडक आहे की सुटा धोंडा, हे तेव्हाच पाहायला हवं. अर्धं घर धोंड्यावर आणि अर्धं मातीवर बसलं तर धोंडा हलत नाही, माती दबते, आणि फरक भिंतीत दिसतो. सगळंच घर थोडं खाली बसलं तर फारसं बिघडत नाही. वेगवेगळं बसलं तर बिघडतं.

काळ्या मातीची भीती मात्र म्हैसूरला आल्यावर सोडून द्यावी असं नाही. कपिला नदीच्या अंगाला, नंजनगूड, टी. नरसीपूर आणि पुढे चामराजनगरकडे, काळ्या मातीचे पट्टे आहेत. कन्नडमध्ये तिला ‘येरे मण्णु’ म्हणतात, तांबडीला ‘केम्मण्णु’. शहर त्या बाजूला वाढतं आहे. २०२० मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली ७९ ए आणि ७९ बी ही कलमं काढून टाकली, त्यामुळे शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता येऊ लागली. तेव्हापासून माझ्या ओळखीच्या मराठी कुटुंबांतही एकरभर जमीन, तिच्यात छोटं घर, भोवती झाडं, असा विचार वाढला आहे. अशा जमिनीत तांबडी आणि काळी एकाच बांधाच्या दोन बाजूंना सापडतात. उंचवट्यावर तांबडी, ओहोळाच्या अंगाला काळी. रंगावरून ठरवायला जावं तर काही काळसर माती नुसती गाळाची असते आणि फुगत नाही, आणि काही तांबूस दिसणारी खाली फुगणारी निघते.

ही परीक्षा कशी करावी याबद्दल म्हैसूरचं एक ऋण आहे आणि ते इथल्या घर बांधणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नाही. भारतीय मानकात माती फुगते का हे पाहायची साधी रीत अशी: वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली दहा दहा ग्रॅम माती काचेच्या दोन मोजनळ्यांत घ्यायची, एकीत पाणी आणि दुसरीत केरोसीन ओतायचं, आणि एक दिवस निवळू द्यायचं. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक टक्क्यांत मांडायचा. काळ्या मातीला ही रीत ठीक लागू पडते. पण तांबड्या मातीतली चिकणमाती केओलिनाइट जातीची. तिचे कण केरोसीनमध्ये एकमेकांना धरून सैल बसतात आणि पाण्यापेक्षा जास्त जागा व्यापतात. मग उत्तर येतं उणे, आणि उणे फुगणं म्हणजे काय याचा अर्थ लागत नाही. म्हैसूरच्या श्री जयचामराजेंद्र अभियांत्रिकी महाविद्यालयातले के. प्रकाश आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले ए. श्रीधरन यांनी २००४ मध्ये यावर सोपा मार्ग मांडला. टक्केवारी सोडा, सरळ भागाकार करा: पाण्यातलं आकारमान भागिले केरोसीनमधलं. उत्तर एक किंवा कमी आलं तर माती फुगणारी नाही. दीडपर्यंत फुगणं कमी, दीड ते दोन मध्यम, दोनच्या वर जास्त, चारच्या वर फारच. त्याच आकड्यावरून मातीत केओलिनाइट आहे की काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट, याचाही अंदाज येतो. तांबड्या आणि काळ्या मातीच्या सीमेवर राहणाऱ्या माणसांनी ही रीत शोधावी, यात मला मोठं औचित्य वाटतं.

मी हा प्रयोग घरी करून पाहिला. माहेरून डब्यात आणलेली माती आणि अंगणातली माती, चार सारख्या नळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळवेढ्याची माती पाण्याच्या नळीत केरोसीनच्या दुपटीहून वर चढली होती. म्हैसूरची पाण्याच्या नळीतच थोडी खाली बसली होती. लहानपणापासून पायांना माहीत असलेली गोष्ट अशी दोन नळ्यांत शेजारी शेजारी दिसली तेव्हा मी बराच वेळ तिथेच उभी होते. घरचा प्रयोग म्हणजे अहवाल नव्हे. घर बांधायचं तर नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. पण जमीन पाहायला जाताना खिशात एक पिशवी ठेवावी, हे मी आता सगळ्यांना सांगते.

माती फुगत नाही म्हणजे ती भार पेलते, असंही धरून चालू नये. भुसभुशीत तांबडी माती कोरडी असते तोवर घट्ट वाटते, कुदळीला दाद देत नाही. गळकी टाकी, भिंतीलगत सोडलेलं पागोळीचं पाणी, सतत शिंपली जाणारी बाग यांनी ती भिजली की तिचे कण एकमेकांना सोडतात. ऑक्टोबर २०२१ च्या पावसात चामुंडीवरून नंदीकडे जाणाऱ्या रस्त्याची कड खचली, तेव्हा उतारावरची माती पाण्याने जड होऊन निसटली होती. सपाट साईटवर एवढं दृश्य होत नाही. तिथे भेग पडते.

आता पाण्याबद्दल, कारण म्हैसूरमध्ये मातीचा सगळ्यात मोठा घोटाळा जुन्या तळ्यांत आहे. या शहराला नदी नाही. कावेरी उत्तरेला, कपिला दक्षिणेला, आणि मधल्या उंचवट्यावर, सुमारे ७७० मीटरवर, शहर. म्हणून राजांनी तळी बांधली: लिंगांबुधी १८२८ मध्ये, कुक्करहळ्ळी १८६४ मध्ये, दोन्ही मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या कारकिर्दीतली. शिवाय कारंजी, दळवाय, देवनूर, आणि नाव न राहिलेली कितीतरी. एका तळ्याचा सांडवा ओहोळाने दुसऱ्यात जायचा. यातली काही तळी आटली, काही बुजली. दसऱ्याचं प्रदर्शन भरतं त्या मैदानाचं नाव दोड्डकेरे, म्हणजे मोठं तळं. जीवरायन कट्टे हेही आज मैदान आहे. मैदानं राहिली तिथे काही बिघडलं नाही. ज्या लहान केरे आणि ओहोळांवर लेआउट पडले तिथे बिघडलं.

बुजवलेल्या तळ्याची जमीन वरून ओळखू येत नाही. वर दोन-तीन फूट छान तांबडी माती पसरलेली असते, तिच्यावर पांढरे दगड रोवून नंबर टाकलेले असतात. खाली बांधकामाचा राडारोडा, आणि त्याखाली तळ्याचा मूळ गाळ, काळपट, कुजका वास असलेला, पावसाळ्यात लापशीसारखा. भराव थराथराने, प्रत्येक थर वीतभर, ओला करून रोलरने दाबत टाकला तर त्यावर बांधता येतं. ट्रकने रिकामा करून वरवर सपाट केला तर तो दहा-दहा वर्षं बसत राहतो. हे ओळखायला काही खुणा आहेत. शेजारच्या घरांच्या कुंपणभिंती पाहाव्यात, कारण घर बांधताना खर्च केलेला असतो पण कुंपणाच्या पायावर कोणी पैसे घालत नाही, आणि माती आपलं खरं रूप आधी तिथे दाखवते. पावसानंतर दोन दिवसांनी जाऊन पाणी कुठे उभं आहे ते पाहावं. लव्हाळा, बोरू, एरवी न दिसणारी हिरवळ उन्हाळ्यातही टिकली असेल तर खाली पाणी आहे. आणि विचारावं. दलालाला नव्हे, जवळच्या मूळ हळ्ळीतल्या, म्हणजे खेड्यातल्या, म्हाताऱ्या माणसाला. ‘इल्लि केरे इत्ता?’, इथे तळं होतं का, एवढं कन्नड तर प्रत्येकाने शिकून घ्यावं.

आणि कागद वाचावेत, पण मातीसाठी. याची मला जास्त ओढ आहे, कारण हा कागद आपल्याच मुलखातून इथे आला. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेतसाऱ्यासाठी जमिनीची प्रतवारी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती मुंबई पद्धत म्हणून पक्की झाली. तिच्यात कारकून प्रत्येक शेतात पहार घेऊन माती किती खोल आहे ते हातांत मोजत. पावणेदोन हात चांगली काळी म्हणजे सोळा आणे. खोली कमी तशी प्रत खाली. मग दोष लावायचे: चुनखडी, रेती, उतार, खार, उपळ, पाणी साचणं. प्रत्येक दोषाला एक पायरी उतार. साऱ्यासाठी असली तरी ती माती वाचायची शिस्त होती, आणि तिची भाषा शेतकऱ्याची होती. १८६३ मध्ये, म्हैसूर इंग्रज कमिशनरच्या ताब्यात असताना, इथे पैमाईश खातं उभं राहिलं ते याच मुंबई पद्धतीवर. म्हणून आजच्या कर्नाटकातल्या पहाणीत, आरटीसीत, मातीच्या प्रकाराचा रकाना आहे, आणि आपला ‘पोटखराबा’ इथे ‘फूट खराब’ म्हणून भेटतो. तो दोन प्रकारचा लिहिलेला असतो. ‘अ’ खराब म्हणजे खडक किंवा लागवडीला न येणारी जागा. ‘ब’ खराब म्हणजे ओहोळ, तळं, वाट अशी सार्वजनिक जागा, जी कोणाला विकता येत नाही. साऱ्याच्या दृष्टीने या दोन नोंदी गौण. घर बांधणाऱ्याला मात्र पहिली सांगते की दगड कुठे वर आला आहे, आणि दुसरी सांगते की पाणी कुठून वाहत होतं. कर्नाटक सरकारच्या ‘दिशांक’ ॲपवर उभ्या जागी फोन धरला की खालचा सर्व्हे नंबर दिसतो. तो घेऊन जुना गावनकाशा पाहावा. ओहोळाची रेघ साईटमधून गेली असेल तर भाव कितीही कमी असो, परत फिरावं.

प्रत्यक्ष खणण्याला पर्याय नाही. विसार देण्याआधी मालकाची परवानगी काढून दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत माणूस उभा राहील एवढे खड्डे घ्यावेत, सहा फूट खोल. एक खड्डा घेऊ नये. माझ्या साईटवर एकच घेतला असता तर तो कदाचित दगडाच्या बाजूला पडला असता आणि आम्ही आणखीच निश्चिंत झालो असतो. मजला वाढवायचा असेल, किंवा खड्ड्यात भराव दिसला, तर बोअर घेऊन आघात-चाचणी करून घ्यावी. तिच्यात साडेत्रेसष्ट किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून पडू देतात आणि नळी मातीत ४५ सेंटिमीटर जाते, तेव्हा शेवटच्या ३० ला किती घाव लागले ते मोजतात. त्यावरून भार ठरतो. पुढचं काम अभियंत्याचं, आणि ते एका प्रकरणात आलं आहे. काळ्या मातीत खाली फुगवटे असलेले, फुगणाऱ्या थराच्या खाली रोवलेले खांब कसे घालतात (ही रीत रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने आपल्या देशात रुजवली) तेही तिथे आहे. तांबडी माती पाच ते आठ टक्के सिमेंट घालून दाबली की तिच्या विटा होतात. बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये निघालेल्या ‘अस्त्र’ केंद्राने यावर वर्षानुवर्षं काम केलं. पाया खणताना निघालेल्या मातीतून घराच्या भिंती उभ्या राहतात हे पाहून मला माझ्या आजोळच्या पांढरीची आठवण झाली.

बागेचं प्रकरण मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलं आणि खोडलं. म्हैसूरची तांबडी घराला जितकी भली तितकी झाडाला उपाशी. तिच्यात सेंद्रिय कर्ब कमी, नत्र कमी, आणि तिचा तांबडा रंग ज्या लोहाचा तेच लोह स्फुरद धरून ठेवतं. पाणी पटकन निथळतं, वर पापडी धरते. मंगळवेढ्यात आम्ही पाणी जास्त झालं म्हणून रडायचो. इथे रोज पाणी घालूनही दुपारी पानं लवतात. आणि घर बांधून झाल्यावर तर ती मूळ मातीही राहत नाही. वरची वीतभर माती, जिच्यात जे काही जिवंत असतं ते असतं, पायाच्या खणतीत खाली जाते. वर येतो मुरूम, सिमेंटचे लगदे, चुना, विटांचा चुरा. त्यात लावलेली जाई पिवळी पडते आणि माळ्याच्या नावाने बोल लागतो. म्हणून काम सुरू करण्याआधी वरची माती खरवडून एका कोपऱ्यात ढीग करून झाकून ठेवावी. एवढ्या एका गोष्टीसाठी कोणी हे पुस्तक वाचलं तरी मला पुरे.

काळ्या मातीची थोरवी बागेत कळते. नंजनगूडचं रसबाळे केळं देवरसनहळ्ळीच्या काळ्या चिकण मातीतलं. त्याचा वास आणि चव त्या मातीची, म्हणून त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हैसूरचं विड्याचं पान आणि म्हैसूर मल्लिगे यांनाही तसंच मानांकन आहे. पण त्याच रसबाळ्याच्या मळ्यांना पनामा मर रोगाने मोडलं. त्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकून राहते, आणि ती जमीन दिसायला पूर्वीसारखीच काळीभोर दिसते. केळीसाठी जमीन घेणाऱ्याने तिथे आधी काय लावलं होतं आणि ते कशाने गेलं हे विचारलं पाहिजे. मातीला आजारपणाचा इतिहास असतो, तो सातबाऱ्यावरही नसतो आणि पहाणीवरही.

तांबडीला सुधारायचा जुना उपाय म्हणजे तळ्याचा गाळ. इथे त्याला ‘गोडु मण्णु’ म्हणतात. आटलेल्या केरेतून बैलगाड्यांनी काढून शेतात पसरायचा. महाराष्ट्रात २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली तेव्हा मला हेच आठवलं. मात्र शहरातल्या तळ्याचा गाळ आणू नये, त्यात सांडपाणी मुरलेलं असतं. आणि परसात काळी माती आणायचीच झाली तर जोत्यापासून लांब, वाफ्यात. भिंतीलगत काळी टाकून वर रोज पाणी शिंपणं म्हणजे पायाला मुद्दाम त्रास देणं. पेर काळीत, घर पांढरीत हे बाराशे फुटांतही पाळता येतं, फक्त अंतर पावलांत मोजावं लागतं.

घरच्या घरी करायच्या परीक्षा पुस्तकात सविस्तर आहेत. बरणीत माती आणि पाणी घालून हलवायचं: रेती मिनिटभरात तळाला जाते, पोयटा काही तासांत, चिकणमातीला दिवस लागतो. थरांची जाडी पट्टीने मोजली की मातीचा पोत कळतो. फूटभर खड्डा दोनदा पाण्याने भरून दुसऱ्यांदा किती वेळात रिता होतो ते पाहायचं. त्यावर शोषखड्डाही ठरतो आणि झाडही. अन्नद्रव्यांसाठी मात्र प्रयोगशाळाच हवी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. म्हैसूरकरांना नंजनगूड तालुक्यातलं सुत्तूरचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. सगळ्या देशाच्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय संस्था नागपुरात आणि तिचं एक केंद्र बेंगळुरूत, म्हणजे आपल्या दोन्ही घरांत.

विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले, मुंबई इलाख्यात नोकरीला लागले, आणि नीरा कालव्यावर पाण्याने जमिनी बिघडताना पाहून पाणी ठराविक गटांनाच फिरवून द्यायची ब्लॉक पद्धत त्यांनी मांडली. १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले तेव्हा त्यांच्या आधीचे दिवाण टी. आनंदराव हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले होते. दोन मुलखांमधली ही येजा जुनी आहे. माणसं येतात, कायदे येतात, शब्द येतात. मातीची पारख मात्र ज्याची त्याने जागेवर उतरून करावी लागते, आणि ती करताना या पुस्तकाची पानं मळली तर चांगलंच.

आमच्या घराचा ईशान्येचा पाया नंतर खालून बांधून घेतला. त्या खणतीत बेळगावकडचा एक वयस्क गवंडी होता. खडक लागेपर्यंत त्याने दर फुटाला मूठभर माती वर आणून जोत्यावर ओळीने मांडली, न विचारता. संध्याकाळी काम संपल्यावर त्याने मला बोलावून एकेक दाखवली: ही भरलेली, ही भरलेली, ही जळालेली, ही तळाची, ही मुरमाची, आणि हा दगड. त्या ओळीचा फोटो मुखपृष्ठावर आहे.